साडूचं पाणी

मु. खैरमाळ, तालुका मूल
११ जून १९८७

सोमाजीभाऊले हरिदासचा मनापासून जयभीम. नीलाबाईलेही सांगा.

इकडे आम्ही सर्वे बरे आहो. बैल बरे आहेत. बायनाचं गुडघं दुखते, पण ते रोजचंच आहे. तुमचं तिकडे बरंच असन. तुमचं आजकाल सगळं बरंच असते.

पत्र लिहाले कारण काही नाई. बायना म्हणते, साडूचं पत्र येऊन उन्हाळा सरला, तुमच्यानं एक कागद खरडणं होत नाई का? म्हणून बसलो. गुरुजीनं सातवीपर्यंत शुद्ध लिहाले शिकवलं होतं, पण तुमच्याशी शुद्ध बोललो तर तुमाले वाटन, माणूस रागावला. मी रागावलो नाई. हे आधीच सांगून ठेवतो.

साळ्याच्या लग्नात आपली भेट झाली पण बोलणं काही झालं नाई. तुम्ही लुनावर आले. मागं मामाजी बसले होते, डोक्याचा दुपट्टा हवेत, अन् चेहरा असा की जसे विमानातून उतरून राह्यले. उतरल्या उतरल्या आवाज देला, "अगा, सोमाजीले खुर्ची आणा!" त्या मांडवात खुर्ची एकच होती, भाऊ, अन् तिच्यावर मी बसलो होतो. मले कोणी ऊठ म्हणलं नाई. मीच उठलो. बसून बसून कंबर अवघडली होती म्हणून उठलो.

आपण दोघं एकाच घरचे जावई. मोठी बायना मले देली, लहान नीला तुमाले. पण देतानी काय फरक होता, तो तुमाले माहीत आहे अन् मलेही. मामाजी आमच्या गावात आले तवा पह्यले तलाव पाह्यला, मग माहं तोंड पाह्यलं. घरी जाऊन सासूबाईले म्हणले, "पोरगी तलावाखाली देऊन राह्यलो, उपाशी नाई मरन." तुमच्या पिपरटोल्यात तवा काय होतं? धानाच्या फाटलेल्या बांध्या अन् बाभळी. रोवणीच्या दिवसांत तुमच्याकडच्या बायांचा जत्था आमच्या गावात मजुरीले येत होता. नीलाबाई येत होती. आमच्याच घरी राहे, मरळीचा रस्सा खाये. मी काही बोलून दाखवत नाई. जे होतं ते सांगून राह्यलो.

मग तुमच्याकडे धरण झालं, नहर आली. आता तुम्ही उन्हाळ्यातही धान काढता, अन् आमच्या गावच्या बाया शिदोरी बांधून तुमच्याकडे रोवणीले जाते. माघात बायना "बहिणीकडे पाहुणी जातो" म्हणून गेली. परत आली तवा तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या पडल्या होत्या. पाहुणीच्या पायाले चिखल्या कशा पडतात, हे मी तिले इचारलं नाई. तुमालेही इचारत नाई.

तुम्ही पत्रात लिहिलं की पाटबंधाऱ्याचे साहेब नहराचं शेवटचं टोक खैरमाळपर्यंत आणाले तयार आहे, फक्त गावानं कबूल व्हावं. ते साहेबही येऊन गेले. मी गावाले साफ सांगतलं. आपलं पाणी निस्तारातलं आहे, मालगुजाराच्या काळापासून हक्काचं, बिनपैशाचं. एकदा का नहराची पाणीपट्टी भरली, की सरकार म्हणन, आता तुमाले तलाव कशाले? विकतचं पाणी घेऊन हक्काचं घालवाचं, हे कोणत्या शहाण्यानं सांगतलं?

अन् दुसरं. आजा माहा या तलावाच्या बांधावर नुसता राखणीले फिरे, पाण्याले बोट लावाची सोय नोहती. आज तलावातून पाणी सोडाच्या तुडुमाच्या कोणत्या पायरीची खुंटी कवा काढाची, ते मी ठरवतो. वरच्या पायरीचं पाणी सरलं की खालची, ते सरलं की त्याच्या खालची. बापूजी पाटील स्वतः येऊन इचारते, "हरिदासभाऊ, आमच्या बांधीले कवा?" भाऊ म्हणते! अन् सगळ्यांचं भिजून झालं की मंग माही बांधी. पाणकरानं शेवटी घ्याचं, ही आमची रीत, अन् ते पाहूनच गाव माह्या शब्दाले मान देते.

तुमच्या नहरात आम्ही कुठी राहू? टेलवर. साहेबाचाच शब्द आहे. म्हणजे शेपटी. तुमचं पोट भरलं अन् उरलं, तर आमाले. तुमचं उष्टं पाणी आमी का म्हणून घ्यावं, सांगा बरं?

बायना म्हणते, आता पुरे करा, कागद सरला. पाऊस पडला की कळवजा.

तुमचा मोठा साडू,
हरिदास, पाणकर, खैरमाळ

*

खैरमाळ
२९ ऑगस्ट १९८७

सोमाजीभाऊले जयभीम.

पत्र पावलं. पोळा झाला. आमच्या बैलाच्या शिंगाले औंदा जुनाच रंग लावला, पण बैल काही बोलत नाई, ते बरं आहे.

पाण्याचं इचारलं म्हणून सांगतो. पुनर्वसूनं रोवणी काढून देली अन् मंग पाऊस जो गेला तो गेलाच. तलाव अर्धाही भरला नाई. सांडव्यावरून पाणी जाणं तर सोडाच, सांडव्यावर पोट्टे गोट्या खेळून राह्यले. तुमाले राग येईन तर येवो, पण खरं ते लिहितो. तुमच्या नहराची खोदलेली माती जंगलाच्या उतारावर आडवी टाकली आहे. तिकडून जे पाणी आमच्या तलावात यायचं, ते आता त्या मातीले अडून तुमच्याच शिवाराकडे वळते. तुमची नहर आमच्या पाण्यानं भरली, असं मी म्हणत नाई. लोक म्हणते. मी फक्त ऐकून घेतो.

आमच्या गावचा कोलू तुमच्याकडे बैल पाहाले आला होता. आल्यावर सगळ्या गावाले सांगत सुटला, पिपरटोल्याचं धान कंबरेले लागलं म्हणून. मी म्हणलं, कोलूची कंबर कितीशी उंच! सारे हसले. मीही हसलो.

मग मी एक दिवस लाकडं आणाले टेकडीवर गेलो. तिथून तुमचं शिवार दिसते. दिसते म्हणून दिसलं, मुद्दाम पाहाले गेलो नोहतो. कोलू खोटं बोलला नाई. पुन्हा चार दिवसांनी गेलो. त्या खेपी लाकडं आणली नाई. नीलाबाई धुऱ्यावर उभी होती, अंगावर लाल लुगडं. तुम्ही म्हणाल, एवढ्या दुरून लुगडं दिसते का? दिसते भाऊ. हिरव्यात लाल लय दुरून दिसते. बायनाले मागच्या दिवाळीले मी लुगडं घेतो म्हणलं होतं, ते अजून घेणं झालं नाई.

घरी आलो तर बायनानं इचारलं, "लाकडं कुठी आहेत?" मी म्हणलं, वाघाचा माग दिसला. तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् भात वाढला. तिले समजलं असन की वाघ कोणत्या गावचा.

खरं सांगू का, झोप येत नाई. आपलं धान करपून राह्यलं त्याचा घोर वेगळा. तो घोर मले माहीत आहे, तो बापाच्या वेळेसही होता. पण तुमचं धान हिरवं आहे ह्याचा जो जीवाले चटका लागते, तो त्याच्याहून जास्त आहे. सगळ्यांचंच करपलं असतं तर मी शांत झोपलो असतो. असं मनात येते माह्या. लिहून टाकलं. आता खोडत नाई, कागद फाटन.

बापूजी पाटील आता नहराकडे झुकले आहेत. म्हणते, "हरिदासभाऊ, टेल तर टेल, पाणी तर येईन." दिवाळीआधी साहेब पुन्हा येते, हीच शेवटची खेप म्हणते. आमी नाई म्हणलं तर टोक दुसऱ्या गावाकडे वळवणार. जंगलातून नहर काढाची परवानगी एकदा मिळाली, ती पुन्हा नाई मिळत, कायदा लय कडक झाला आहे म्हणते. गाव माह्या तोंडाकडे पाहून आहे. पाणकर हो म्हणन तर हो. माह्या तोंडून हो निघत नाई. सकाळी उठून ठरवतो अन् मंग तुमची लुना डोळ्यासमोर येते.

तुम्ही लिहिलं, "काही लागलं तर सांगजा, संकोच करू नका." मले काय लागन? काही नाई लागत. मामाजीले मात्र पुन्हा लुनावर बसवू नका, म्हातारा माणूस आहे, पडन.

तुमचा साडू,
हरिदास

*

खैरमाळ
९ ऑक्टोबर १९८७

सोमाजीभाऊ,

जयभीम.

हे पत्र पोष्टात टाकत नाई. बायना घेऊन येऊन राह्यली. वाचून तिच्याच हाती उत्तर द्या. चहा पाजा, पण चहाच्या आधी वाचा.

हस्त कोरडा गेला. धान गर्भात आलं अन् खाली जमीन फाटली. या वक्ताले एक पाणी मिळालं तर दाणा भरते, नाई तर नुसता कोंडा. तुमाले हे सांगाची गरज नाई, तुमचं आयुष्य असंच गेलं होतं. मी तुडुमाच्या अगदी खालच्या पायरीची खुंटी काढली. माह्या बापानं जन्मभर ती काढली नोहती. मासे, ढोरं, उन्हाळा, सगळं त्या तळाच्या पाण्यावर असते. काढली अन् रीतीनं सोडत गेलो, पह्यले वरच्या लोकाले, मग मधल्याले. शेवटी माही पाळी आली तवा तुडुमातून चिखल आला. आडातच नाई तर पोहऱ्यात कुठून येईन? मी धुऱ्यावर बसून राह्यलो. मले कोणी दोष देला नाई. उलट बापूजी पाटील म्हणले, असा पाणकर पाह्यला नाई. तो मान घेऊन घरी आलो अन् जेवलो नाई.

आता कालचं सांगतो. तुमाले नीलाबाईनं कितीक सांगतलं ते मले माहीत नाई, म्हणून सगळंच सांगतो.

आमच्या बांधीजवळून जो नाला जाते, त्यात बायनानं परवा दगडं, फांद्या अन् चिखल टाकून आडवा बांध घातला. मले वाटलं झिंगे धराले. नाला तर कोरडा होता, तरी मी इचारलं नाई. या दिवसांत बायको काही करते तर करू द्यावं. काल सकाळी त्या नाल्याले पाणी आलं. आभाळात ढगाचा तुकडा नाई अन् नाल्याले पाणी! अडलं, फुगलं, अन् पाटानं माह्या बांधीकडे वळलं. मी येड्यासारखा पाहतच राह्यलो. तेवढ्यात कोलू पळत आला, "हरिदासभाऊ, तुमच्या साडूनं आपली पाळी सोडली! नहराचं पाणी नाल्यात वळवलं तुमच्यासाठी!"

साऱ्या गावासमोर बोलला हो. बापूजी पाटील तिथीच उभे होते.

माह्या डोळ्यासमोर ती खुर्ची आली. खोटं कशाले सांगू. वाटलं, आता मामाजीच्या मांडवात हे सांगतलं जाईन, की हरिदासचं धान सोमाजीनं वाचवलं. पुढच्या लग्नात मी कुठी बसू? मी फावडं उचललं अन् बायनाचा बांध फोडला. तुमचं पाणी सगळं खाली नाल्यानं वाहून जाऊ लागलं. माह्या धानाच्या पायथ्यापर्यंत आलेलं पाणी मी मागं फिरवलं, भाऊ. हातानं फिरवलं. ते वाहून जातानी मले बरं वाटून राह्यलं होतं. हे वाचून तुमाले जे वाटाचं ते वाटू द्या.

बायना घरून धावत आली. मले वाटलं, रडन, शिव्या देईन. तिनं लुगडं खोचलं अन् सरळ पाण्यात उतरून हातानं चिखल थापू लागली. मी म्हणलं, "साडूची भीक मले नाई पायजे." तशी ती उभी झाली. कोपरापर्यंत चिखल. म्हणते,

"साडूची कुठी आहे? हे पाणी सोमाजीभाऊचं नोहे. माहं आहे. माघात मी नीलाच्या बांधीत रोवणी केली, त्याची रोजी घेतली नाई मी. तिले तवाच सांगतलं होतं, रोजी राहू दे, हस्त कोरडा गेला तर एक पाणी दे. चिखल्या पडल्या माह्या पायाले ह्या पाण्यासाठी. तुमी इचारलं तरी का, काऊन पडल्या म्हणून?"

मी म्हणलं, "तू मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर जाऊ देलं असतं का?" म्हणते. अन् मंग जे बोलली ते मले रात्रभर टोचलं. म्हणते, "साऱ्या गावाचं झाल्यावर शेवटी पाणी घेता अन् मिशीले पीळ देता, पाणकर म्हणून. मंग बहिणीच्या गावाच्या शेवटी घेतलं तर नाक काऊन कापते? शेवटी घेणं तुमाले कवापासून लाजेचं झालं?"

बापूजी पाटलानं मान खाली घातली. कोलू दुसरीकडे पाहू लागला. मी फावडं खाली ठेवलं अन् नाल्यात उतरलो. आमी दोघांनी बांध पुन्हा घातला. निम्मं पाणी तर तवापर्यंत गेलंच होतं. उरलं ते बांधीत घेतलं. माह्या धानाच्या मुळाले पाणी लागलं तवा बुडबुडे आले, अन् जमिनीचा वास आला, अन् मले रडू आलं. बायनाले वाटलं घाम आहे. नाई, तिले समजलं असन. तिले सगळंच समजते.

म्हणते ना, एखाद्याले पाण्यात पाह्यलं. मी तुमाले पाण्यात पाह्यलं, भाऊ. नहर आली त्या दिवसापासून पाह्यलं. लुना आली तवा तर डोळे फाडून पाह्यलं. आता त्याच पाण्यात माहं धान उभं आहे.

पण हे झालं माहं. आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितो ते ऐका. काल जन्मात पह्यल्यांदा असं झालं, की पाणकराची बांधी भिजली अन् गाव कोरडं राह्यलं. संध्याकाळी बापूजी पाटील आले, ओट्यावर बसले, तंबाखू मळला, इकडचं तिकडचं बोलले अन् उठून गेले. मागाचं होतं, पण मागणं झालं नाई त्याईच्यानं. मले ते चांगलं समजते. मीही तुमाले दोन पत्रं अशीच लिहिली होती.

म्हणून मी मागून राह्यलो. माह्यासाठी नाई, माहं बायनानं फेडून घेतलं. गावासाठी. तुमच्या धानाले आता पाणी कमी पुरते, लोंब्या निघाल्या आहेत, हे मी टेकडीवरून पाह्यलं आहे. कितीदा पाह्यलं ते इचारू नका. तुमच्या गावच्या लोकाईले बोला. या आठवड्याच्या पाळ्या ज्याले ज्याले सोडता येईन त्यानं नाल्यात सोडाव्या. नहराच्या चौकीदाराशी तुमीच बोला, तुमचं त्याच्याशी जमते. अन् फुकट नोको. माघात तुमच्या रोवणीले खैरमाळच्या बाया येईन अन् माणसंही येईन, जेवढ्या पाळ्या तेवढी रोजी सोडून. मीही येईन. माह्याही पायाले चिखल्या पडू द्या.

पाणी आलं की मी बांधावर उभा राहून वाटीन. ते काम मले येते. माही बांधी भिजली आहे, म्हणून औंदा मी रांगेतच नाई.

सोमवारी साहेब येते. मी उठून सांगणार आहे, खैरमाळ कबूल आहे, टेलवर कबूल आहे. तलावाचा निस्तार हक्क मात्र कागदावर कायम ठेवून घेणार, ते सोडणार नाई. अन् आमच्या उताराची माती हटवाले सांगणार. ते भांडण माहं तुमच्याशीही राहीन. पाणी मागून राह्यलो म्हणून तोंड विकलं असं समजू नका.

जळणं गेलं असंही समजू नका. लुनाचा आवाज आला की आताही तोच चटका लागते. ते काही एका पाण्यानं विझणार नाई. पण सोळा तारखेले आपण चांद्याले दीक्षाभूमीवर जातोच दरसाल, तवा औंदा मी मूलपर्यंत बसनं येतो. तिथून लुनाच्या मागं जागा ठेवा. मामाजीले आवडलं नाई तर ते बसनं येईन. म्हाताऱ्यानं लय हवा खाल्ली.

नीलाबाईले सांगा, तिच्या बहिणीचं लाल लुगडं मी दाणा भरला की घेणार आहे. अन् बायनाले परत पाठवाची घाई करू नका, पण पाणी आधी पाठवा.

तुमच्या नहराच्या अगदी शेवटचा,
हरिदास पाणकर